मिलिटरी पोलीस: कोल्हापूरकरांनी नेहमी विचारलेले प्रश्न

मी भारतीय सैन्याच्या कोअर ऑफ मिलिटरी पोलीसमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता करवीर तालुक्यात शेती बघतो आणि सकाळी भरतीच्या पोरापोरींकडून धावण्याची तयारी करून घेतो. आपल्या भागात घरटी नाही तरी गल्लीगणिक एक फौजी सापडतो. शिरोळ तालुक्यातल्या गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. तरीही मिलिटरी पोलिसाबद्दल लोकांच्या मनात एक तर धाक आहे, नाही तर गैरसमज. ग्राउंडवर, लग्नाच्या पंगतीत आणि एसटीत तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

मिलिटरी पोलीस म्हणजे एसआरपीच ना?

नाही. कोल्हापुरात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १६ आहे, त्यामुळे इथं हा घोटाळा जास्त होतो. एसआरपी राज्याच्या गृहखात्याची, सीआरपीएफ केंद्रीय गृहमंत्रालयाची, आरपीएफ रेल्वेची. मिलिटरी पोलीस मात्र सैन्याचाच एक विभाग आहे. त्यातला माणूस आधी जवान असतो आणि मग पोलीस. गोंधळात भर म्हणजे बिहारच्या सशस्त्र पोलिसांना परवापरवापर्यंत ‘बिहार मिलिटरी पोलीस’ म्हणत. २०२१ मध्ये ते नाव बदललं. त्यांचा सैन्याशी संबंध नव्हता.

आमची कोअर १९३९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला उभी राहिली. ट्रेनिंग सेंटर बेंगळुरूला आहे. ब्रीदवाक्य ‘सेवा तथा सहायता’. यातला दुसरा शब्द लोकांच्या लक्षातच येत नाही. आमचं निम्म्याहून जास्त काम त्याच शब्दात आहे, हे खाली वाचताना कळेल.

ओळखायचं कसं?

डोक्यावर लाल बेरे, कमरेला पांढरा पट्टा आणि दंडावर ‘एमपी’ अक्षरांची पट्टी. फौजेत आम्हाला ‘एमपीवाले’च म्हणतात. पुणे स्टेशनच्या फलाटावर सुट्टीवरून जाणाऱ्या जवानाचं आयकार्ड आणि सुट्टीचा कागद बघणारा लाल टोपीवाला तुम्ही पाहिला असेल. तो आमचाच माणूस. युनिटच्या गेटवर उभा असतो तो बहुतेकदा रेजिमेंटल पोलीस, म्हणजे त्याच पलटणीतले निवडलेले जवान. त्यांचा अधिकार त्या पलटणीपुरता असतो.

साध्या माणसाला मिलिटरी पोलीस अटक करू शकतो का? दंड लावू शकतो का?

रस्त्यावरच्या नागरिकाला पावती फाडायचा किंवा अटक करायचा अधिकार आम्हाला नाही. आमचा कायदा आर्मी ॲक्ट १९५०, आणि तो ज्यांना लागू आहे त्यांच्यावरच आमचा हुकूम चालतो. तुम्ही सैन्याच्या हद्दीत विनापरवाना शिरलात तर तुम्हाला थांबवलं जाईल, विचारपूस होईल आणि नागरी पोलिसांच्या ताब्यात दिलं जाईल. बेळगाव किंवा पुण्याच्या लष्करी भागात हेल्मेट नसलं की अडवतात, असं पोरं सांगतात. तिथं आत जायचं की नाही हे ठरवायचा अधिकार सैन्याला आहे, आणि हेल्मेट घालण्यात आपलं काही जात नाही.

हायवेवर, समजा तावडे हॉटेलच्या चौकात, सैन्याचा ताफा जाताना मोटारसायकलवरच्या एमपीनं हात केला तर थांबा. त्यानं तुमच्यावर सत्ता गाजवलेली नसते. ताफ्यातल्या दोन ट्रकांच्या मध्ये मोपेड घुसली की मागच्या जड गाडीला ब्रेक लावायला जागा उरत नाही, हे तो जाणून असतो.

मग सैन्यात तरी त्यांची सत्ता किती? मोठ्या साहेबालाही धरतात का?

आर्मी ॲक्टच्या कलम १०७ मध्ये प्रोव्होस्ट मार्शल या पदाचं काम दिलं आहे. आमची सगळी सत्ता त्याच्या नावानं चालते. कैदेतल्या माणसांचा ताबा घेणं, शिस्त राखणं, शिस्तभंग होऊ न देणं आणि गुन्हा केलेल्या किंवा आरोप असलेल्या फौजीला पकडून खटल्यासाठी ठेवणं, एवढं त्यात येतं. पण त्याच कलमात दोन लगाम आहेत. ऑफिसरला दुसऱ्या ऑफिसरच्या हुकमाशिवाय पकडता येत नाही. आणि मिलिटरी पोलीस स्वतःच्या अधिकारात कुणालाही कसलीही शिक्षा देऊ शकत नाही. शिक्षा कमांडिंग ऑफिसर देतो किंवा कोर्ट मार्शल देतं.

हा दुसरा लगाम मला फार मोलाचा वाटतो. ज्याच्या हातात पकडण्याची ताकद आहे, त्याच्या हातात शिक्षेची ताकद ठेवलेली नाही. बेंगळुरूला ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी हे आमच्याकडून इतक्यांदा वदवून घेतलं होतं की आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन.

आमचा मुलगा सुट्टीवर आलाय. सुट्टी संपली, पण परत जात नाही. आता काय होईल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि तोही दबक्या आवाजात. बहुतेकदा आई विचारते. म्हणून सविस्तर लिहितो.

सुट्टी संपल्यावर हजर न होणं याला फौजेत ‘ओएसएल’ म्हणतात. कायद्यात ते कलम ३९ मध्ये येतं. तिथले शब्द नीट वाचा: ‘पुरेशा कारणाशिवाय’ रजेपेक्षा जास्त दिवस राहणं. म्हणजे पुरेसं कारण असेल आणि ते वेळेत कळवलं असेल, तर वाट मोकळी आहे. कारण नसेल तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. पळून जाणं, म्हणजे परत न येण्याच्या इराद्यानं निघून जाणं, हा कलम ३८ चा वेगळा आणि मोठा गुन्हा. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि युद्धसेवेवर असताना पळाला तर फाशीपर्यंत.

आता क्रम काय असतो ते बघा. पोरगा हजर झाला नाही की कंपनीतून फोन येतो. घरच्यांनी तो उचलला नाही की युनिट पत्र काढतं आणि जिल्ह्याच्या पोलिसांना कळवतं. त्या कागदाला ‘ॲप्रिहेन्शन रोल’ म्हणतात. तीस दिवस झाले की युनिटमध्ये चौकशी बसते. गैरहजेरी नोंदली जाते, त्याच्याकडचं सरकारी सामान मोजलं जातं. त्यानंतरही तो स्वतःहून आला नाही किंवा सापडला नाही, तर कायदा त्याला फरारी धरून चालतो. मग गावच्या पोलीस ठाण्यातला हवालदारसुद्धा त्याला वॉरंटशिवाय धरू शकतो. लोकांना वाटतं की मिलिटरी पोलीस रात्री येऊन दार तोडतील. तसं होत नाही. बहुतेक वेळा आपल्याच ठाण्याचे पोलीस येतात, आणि मग त्याला सैन्याच्या ताब्यात दिलं जातं.

माझं सांगणं एकच: पहिल्या दिवशी फोन करा. कंपनी हवालदार मेजरला, सुभेदार साहेबांना, ज्याचा नंबर असेल त्याला. पोराला बोलवत नसेल तर बापानं करावा, बायकोनं करावा. आजारी असेल तर डॉक्टरचा कागद घ्या, झेपत असेल तर बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखवा. फोन केला आणि वर एक अर्ज पाठवला, की तोच माणूस ‘बेपत्ता’ राहत नाही, ‘अडचणीत असलेला जवान’ ठरतो. आणि स्वतःच्या पायानं गेटवर हजर झालेला आणि धरून आणलेला, या दोघांकडे कुठलाही कमांडिंग ऑफिसर एकाच नजरेनं बघत नाही.

एक उदाहरण देतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातला एक जवान घराच्या माळ्यावर अडकला होता. सुट्टी संपत आलेली, मोबाईल बंद, आणि हायवेवर शिरोलीजवळ पाणी आल्यानं पुण्याची वाट बंद. बचावाला आलेली सैन्याची बोट घराजवळ आली तेव्हा त्यानं आधी आईला आणि पोरांना बसवलं. मग वहीचं पान फाडून आपला नंबर, रँक, नाव आणि युनिट लिहून बोटीतल्या नायब सुभेदाराच्या हातात दिलं. म्हणाला, ‘साब, बस इतना पहुँचा दीजिए.’ कागद भिजून त्यावरची शाई पसरली होती, पण नंबर वाचता येत होता. निरोप पोचला. पाणी उतरल्यावर तहसीलचा दाखला घेऊन तो गेला आणि त्याच्या सर्व्हिस बुकावर एक शाईचा डागसुद्धा पडला नाही.

आणि ज्या पोराला खरंच परत जायची हिंमत होत नाही, झोप येत नाही, सारखा रडतो, त्याला ‘बायल्या’ म्हणून हिणवू नका. ते दुखणं असतं आणि त्यालाही सैन्याच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत. लपवलेल्या दुखण्यामुळे करियर बुडालेली पोरं मी स्वतः एस्कॉर्ट करून नेली आहेत. ट्रेनमध्ये माझ्या शेजारी बसून ती गप्प खिडकीबाहेर बघत असायची. त्यातल्या निम्म्यांना आठ दिवस आधीचा एक फोन पुरला असता.

घरात लपवून ठेवलं तर घरच्यांवर केस होते?

होते. फरारी सैनिक आहे हे माहीत असून त्याला आसरा देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. यातून सूट फक्त पती-पत्नीला आहे. बायकोनं नवऱ्याला आसरा दिला तर तो गुन्हा नाही, पण आई, वडील, भाऊ, मेहुणा यांना ती सूट नाही. आईला सूट नाही हे वाचून मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं. म्हणूनच आयांना आधी हे सांगतो.

पकडून नेल्यावर पोराला कुठं ठेवतात? मारतात का?

युनिटच्या क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पहाऱ्यातल्या कोठडीत ठेवतात. ताब्यात घेतल्याचं कमांडिंग ऑफिसरला कळल्यापासून ४८ तासांच्या आत आरोपाची चौकशी सुरू व्हावी, असा नियम आहे. सेवेच्या निकडीमुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. मारणं हा कुठल्याही कायद्यात बसणारा प्रकार नाही. कुणी हात उगारला तर तो गुन्हा त्या उगारणाऱ्याचा. घरच्यांनी युनिटला फोन करून ‘पेशी कधी आहे’ एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

युद्धाच्या वेळी हे काय करतात? चलान फाडायला तर कुणी नसतं तिथं.

आमचं खरं काम तिथंच आहे.

युद्धात रस्ता हे सगळ्यात महागडं सामान. एका डोंगरी रस्त्यानं पुढं तोफा, दारूगोळा, डिझेल आणि रेशन जायचं असतं, आणि त्याच रस्त्यानं मागं जखमी यायचे असतात. कधी गाव सोडून निघालेली माणसं, गुरंढोरंही त्याच वाटेवर. एक ट्रक चुकीच्या वळणावर आडवा झाला की मागची सगळी रांग शत्रूच्या तोफेपुढं उभी राहते. म्हणून नाक्यानाक्यावर ट्रॅफिक कंट्रोल पोस्ट असते आणि तिथं एमपी उभा असतो. वाटेवर खुणांच्या पाट्या लावणं, कुठली गाडी आधी सोडायची हे ठरवणं, भरकटलेल्या जवानाला त्याच्या पलटणीची दिशा दाखवणं, ही सगळी कामं त्याची.

सैन्याच्या गाडीवर पुढं पिवळ्या गोलात एक आकडा असतो, तो कधी बघितलाय? तो पुलासाठी आहे, गाडी वजनाच्या कुठल्या वर्गातली ते त्यावरून कळतं. पुलाला जेवढा वर्ग दिलेला, त्याहून मोठा आकडा असलेली गाडी त्यावर घालायची नाही. लोखंडी बेली ब्रिजच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एमपीला अंधारात तो आकडा वाचून एका क्षणात हो की नाही ठरवावं लागतं. समोर कर्नल साहेबांची गाडी असली तरी.

रात्री तर दिवेच बंद असतात. ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्याला, पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर एक बारीक दिवा पडतो. वरून विमानाला दिसत नाही, पण मागच्या ड्रायव्हरला तेवढा पांढरा ठिपका दिसतो. ठिपक्यामागं ठिपका धरून अख्खा ताफा सरकतो. लडाखच्या वाटेवर मी अशा पोस्टवर उभा राहिलो आहे. एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात लाल काचेची बॅटरी. थंडीनं बॉलपेनमधली शाई आखडायची म्हणून पेन्सिल वापरायचो, आणि ती पेन्सिल बगलेत ठेवायचो, कारण हातमोजे घालून टोक काढता येत नाही. शेवटची गाडी गेली की आकडा जुळवायचा. गेल्या छत्तीस, आल्या पस्तीस, तर ती एक गाडी कुठं आहे हे कळेपर्यंत बसायचं नाही.

युद्धकैद्यांचं काम पण यांच्याकडेच असतं म्हणतात?

हो. पकडलेल्या सैनिकाला लढाईच्या जागेपासून लवकरात लवकर मागं आणायचं, त्याची झडती, नोंद, राखण करायची. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार त्याच्यावर आपलं नाव, रँक, जन्मतारीख आणि नंबर एवढंच सांगण्याचं बंधन आहे. त्यापुढचं काढायला छळ करता येत नाही. १९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात होते. त्यांना खाऊपिऊ घालून, पत्रं पोचवून, १९७४ पर्यंत परत पाठवलं गेलं.

कैदी सांभाळणं किती अवघड असतं हे समजायला कोल्हापूरकरांना लांब जायला नको. जनरल एस. पी. पी. थोरात आपल्या कोल्हापूरचे, आणि निवृत्तीनंतर राहिलेही इथंच. १९५३ मध्ये कोरियाचं युद्ध थांबल्यावर मायदेशी जायला नकार देणारे २२ हजारांहून जास्त कैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात आले. त्यांना सांभाळणाऱ्या कस्टोडियन फोर्सचे प्रमुख थोरात साहेब होते. कैदी दोन गटांचे आणि दोन्हीकडचे चिडलेले. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या कुंपणात धरून ठेवलं. थोरात स्वतः आत गेले, बोलले आणि त्याला सोडवून आणलं. गोळीबाराचा हुकूम द्यायला त्यांना एक शब्द पुरला असता. ताबा म्हणजे काय, हे मी नव्या पोरांना शिकवताना याच प्रसंगापासून सुरुवात करायचो.

जवानानं गावात मारामारी केली किंवा मोठा गुन्हा केला तर केस कुणाकडे?

गुन्हा आपल्या पोलीस ठाण्यातच नोंदवा. फौजी आहे म्हणून ठाणं तक्रार नाकारू शकत नाही. पुढं खटला नागरी कोर्टात चालवायचा की कोर्ट मार्शलमध्ये, हे ठरवायची रीत कायद्यात आहे. पण नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार असेल, तर साधारणपणे कोर्ट मार्शलला तो खटला चालवताच येत नाही. तो नागरी कोर्टातच जातो. युद्धसेवेवर किंवा परदेशात असताना घडलेल्या गोष्टींना अपवाद आहे.

नवरा सैन्यात आहे, पैसे पाठवत नाही. मिलिटरी पोलिसाकडे तक्रार करू का?

आमच्याकडे नको, थेट त्याच्या कमांडिंग ऑफिसरला लिहा. आर्मी ॲक्टमध्ये पगारातून बायकोपोरांच्या पोषणाची रक्कम कापून देण्याची तरतूद आहे. अर्जासोबत लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले आणि बँकेचं पासबुक जोडा. अर्ज लिहायला कुणी नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

‘मी आर्मीतून बोलतोय, बदली झाली, गाडी स्वस्तात विकतोय’ असे फोन येतात. खरे असतात का?

खोटे. आयकार्डाचा फोटो, वर्दीतला फोटो, कँटीन कार्ड, सगळं चोरलेलं असतं. मूळ कार्ड एखाद्या बिचाऱ्या खऱ्या जवानाचं असतं आणि त्याला पत्ताच नसतो. खरा फौजी आपलं आयकार्ड व्हॉट्सअपवर पाठवत नाही, तसं करायची त्याला मनाई आहे. पैसे मिळवायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, एवढं घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना सांगून ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. लोक वर्दीवर विश्वास ठेवतात म्हणून हा धंदा चालतो, याची मला फार चीड येते. फसवायला सैनिकाचा वेश घालणं हा न्याय संहितेच्या कलम १६८ खाली वेगळा गुन्हाही आहे.

नौदल आणि हवाई दलातही असे पोलीस असतात का?

असतात, त्यांचे त्यांचे. काम साधारण सारखंच.

मुलींना यात जाता येतं का?

येतं, आणि जवान म्हणून सैन्यात जायची मुलींसाठीची पहिली वाट हीच ठरली. त्याआधी मुली ऑफिसर होत, डॉक्टर-नर्स होत, पण शिपायाच्या दर्जावर नव्हत्या. २०१९ मध्ये भरती उघडली. ८३ मुलींची पहिली तुकडी ८ मे २०२१ ला बेंगळुरूच्या द्रोणाचार्य परेड ग्राउंडवर शपथ घेऊन बाहेर पडली. ट्रेनिंग ६१ आठवड्यांचं होतं. त्यात हत्यार, पोलीसकाम आणि युद्धकैदी सांभाळण्यापासून सगळ्या गाड्या चालवणं, दुरुस्त करणं आणि सिग्नलपर्यंत सगळं. आता ही भरती अग्निवीर म्हणून होते. म्हणजे चार वर्षं सेवा आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केलं जातं. ही अट घरात आधी नीट बोलून घ्या.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी तीन गोष्टी आधी मोजायला लावतो: उंची, १६०० मीटरचा वेळ आणि दहावीचे टक्के. उंचीला १६२ सेंटिमीटर लागतात. धावायला साडेसात मिनिटांत आलात तर पहिला गट, आठ मिनिटांत आलात तर दुसरा. दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. लांब उडी दहा फूट, उंच उडी तीन फूट. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात सैन्याच्या भरतीच्या वेबसाइटवरच वाचा. कुणी ‘सेटिंग’ करून देतो म्हणून पैसे मागितले तर त्याला दारातही उभं करू नका.

राहता राहिला तो प्रश्न जो मुलींचे वडील विचारतात: पोरगी तिथं नक्की करणार काय? स्टेशनवर जवानांचे कागद तपासेल, जीप चालवेल, ताफा पुढं काढेल. बायकांची झडती किंवा जबाब घ्यायचा असेल तिथं तिच्याशिवाय कामच होणार नाही. माझ्या नोकरीत आम्हाला अशा वेळी नागरी महिला पोलिसाची वाट बघत तास-तास थांबावं लागायचं. समोरची बाई घाबरलेली, आम्ही सगळे पुरुष, आणि बोलायला कुणी नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या ग्राउंडवरची एक मुलगी सुट्टीवर आली होती. लाल बेरे पिशवीत जपून वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. धाकट्या पोरींनी हट्ट केला म्हणून तिनं तो काढून दाखवला, पण डोक्यावर घालून बघायला दिला नाही. म्हणाली, ‘बेंगळुरूला जाऊन मिळवा.’